१२२ म्हणजे किडे नव्हेत

‘पाकिटावर १२२ दिसला की फेकून द्या, त्यात किडे कुटून घालतात’ हा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहिते. हे चूक आहे. खाऊच्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीत रंगांसारख्या पदार्थांना क्रमांक असतात; त्यातला १२२ म्हणजे कार्मोइसिन, कारखान्यात तयार होणारा कृत्रिम रंग. त्यात कीटकाचा अंशही नसतो.

घोळ नावाच्या सारखेपणाने झालाय. किड्यापासून होतो तो कार्माइन, क्रमांक १२०. पेरूमध्ये निवडुंगावर कोचिनील नावाचे किडे वाढवतात. माद्या वाळवल्या की करड्या, सुरकुतलेल्या दाण्यांसारख्या दिसतात, पण दाणा ओल्या बोटांनी चुरडला की बोटं लालभडक होतात. किलोभर वाळलेल्या मालाला असे साधारण दीड लाख किडे लागतात. शाकाहारी मंडळींनी पाकिटावर तपासायचा आकडा हा, १२०.

गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी, म्हणजे शेलॅक, क्रमांक ९०४, ही आपली लाखच. किडा कुटून नव्हे, तर त्याने पळस, बोर, कुसुमाच्या फांदीवर सोडलेला राळेसारखा थर खरवडून, धुऊन, गाळून ती करतात. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं, आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही होतं. ती खायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण निरोप पुढे ढकलण्याआधी कृपया आकडा नीट वाचा.