जुन्या नॅसमध्ये मोठी डिस्क टाकायचा "सोप्पा" सल्ला

घरच्या नॅसची, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेल्या फाईल साठवायच्या डिस्कच्या बॉक्सची, जागा संपली म्हटलं की कुणीतरी हमखास हे पुढे ढकलतं: "नवा बॉक्स कशाला, चालू असतानाच एक डिस्क ओढून काढा, हवी तेवढी मोठी टाका, डेटा आपोआप येतो, मग दुसरी बदला, झालं काम. कुठलीही स्वस्त डिस्क चालते, बॅकअप लागत नाही, बॉक्स अजून दहा वर्षं जातो." यातलं एक खरं आहे, डिस्क एकेक करून बदलता येतात. बाकीचं बघू.

"डेटा आपोआप येतो." मिरर असेल तर येतो, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा: रेड-१, किंवा सिनॉलॉजी या नॅस कंपनीची तशीच पद्धत, एसएचआर. पण जागा जास्त मिळते म्हणून बऱ्याच जणांनी सुरुवातीलाच रेड-० किंवा जेबीओडी, म्हणजे दुसरी प्रत न ठेवता डिस्क नुसत्या जोडून, लावलेलं असतं आणि नंतर विसरून गेलेले असतात, तिथे एक डिस्क काढली की अख्खा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क मिळून झालेली साठवणीची जागा, गेला, येणार कुठून डेटा? आधी नॅसच्या सेटिंगमधला स्टोरेज मॅनेजर उघडून काय लिहिलंय ते वाचा.

"चालू असतानाच ओढा." सिनॉलॉजीचा डीएस२१३जे घ्या, २०१३ चा दोन डिस्कवाला बॉक्स. त्याला ओढायला ट्रेच नाही हो! बंद करायचा, स्क्रू काढायचे, झाकण सरकवायचं, मग डिस्क दिसते. पुढून ट्रे ओढायचा ते वरच्या मॉडेल्सचं.

"मग दुसरी बदला, झालं." इथे सगळ्यात जास्त फसवणूक आहे. ४ टीबी भरायला सेकंदाला १०० एमबी धरले तरी ११ तास लागतात, आणि डीएस२१३जेसारखा ५१२ एमबी रॅमचा बॉक्स तोच स्पीड शेवटपर्यंत टिकवेल असं समजू नका. पहिली डिस्क झाली तरी जागा एक जीबीनेही वाढत नाही कारण मिरर लहान डिस्कच्या मापानेच चालतो, दुसरी बदलून परत तेवढाच वेळ जातो, मग व्हॉल्यूम वाढवायचा आणि वाढलेल्या भागाचं सिंक परत वेगळं. एवढ्यात लाईट जाणारच, यूपीएस लावा. आणि पहिल्या ११ तासांत बॉक्समधला तुमचा सगळा डेटा एकाच जुन्या डिस्कवर असतो, तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जात असते, कुरकुरणारी डिस्क नेमकी अशाच वेळी मान टाकते. म्हणून बॅकअप आधी, वेगळ्या यूएसबी डिस्कवर, आणि त्यातल्या चार फाईल उघडून बघा. मिररमधून काढलेली पहिली डिस्क लगेच फॉरमॅट करू नका किंवा विकू नका, सगळं पार पडेपर्यंत कपाटात राहू दे, काढली त्या क्षणापर्यंतचा डेटा तिच्यावर आहेच.

"हवी तेवढी मोठी." नाही. डीएस२१३जेचा प्रोसेसर ३२ बिटचा, त्यात एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही, २० टीबीच्या दोन डिस्क लावल्यात तरी. चार डिस्कच्या जुन्या ३२ बिट बॉक्समध्ये हे आणखी लवकर नडतं, ८ टीबीच्या चार डिस्क रेड-५ मध्ये (यात एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते) म्हणजे २४ टीबी, पण एका व्हॉल्यूमला मिळणार १६. ४ टीबीच्या जागी ८ टीबीच्या डिस्क टाकायच्या असतील तर खुशाल करा, पण कंपनीच्या कंपॅटिबिलिटी लिस्टमध्ये डिस्कचा मॉडेल नंबर बघून. त्याच्या वर जायचं असेल तर माझ्या मते पैसे नव्या बॉक्सला द्यावेत.

"कुठलीही स्वस्त डिस्क." एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात, त्यामुळे रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, रखडतो. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकलेल्या त्यांच्या 'रेड' (लाल, वरच्या रेड-१ शी संबंध नाही) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआरच होत्या, नंतर सीएमआरवाल्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. तेव्हा डब्यावर नॅस लिहिलंय म्हणून घेऊ नका, डेटाशीटमध्ये सीएमआर शोधा.

"अजून दहा वर्षं." डिस्क नव्या झाल्या तरी सॉफ्टवेअर जुनंच राहतं, डीएस२१३जे सिनॉलॉजीच्या डीएसएम या सिस्टिमच्या ७.१ आवृत्तीपुढे जात नाही. असं जुनं सॉफ्टवेअर धोक्याचं: वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाईव्ह या घरगुती नॅसला शेवटचं फर्मवेअर २०१५ मध्ये मिळालं होतं, २०२१ च्या जूनमध्ये जगभरात लोक सकाळी उठले तर बाहेरून कुणीतरी फॅक्टरी रिसेट मारून डिस्क पुसलेल्या. त्यामुळे बॉक्स ठेवणार असाल तर राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट बॉक्सपर्यंत येणारी वाट) बंद, बाहेरून ॲक्सेस बंद, फक्त घरातल्या घरात वापरा.