केशवराव भोसले नाट्यगृह: विहीर, रोम आणि ‘सगळं जळून गेलं’

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. फोनवर फिरणारा एक मजकूर थोडक्यात असा: शाहू महाराजांनी रोममध्ये थिएटर पाहिलं आणि केशवरावांच्या नावाने तसंच कोल्हापुरात बांधलं, केशवराव आणि बालगंधर्व यांनी एकत्र केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग, ‘संयुक्त मानापमान’, तिथेच झाला, रंगमंचाखाली विहीर होती म्हणून माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा, आणि 1915 सालचं ते सगळं जळालं, आता उभी राहील ती नक्कल. हळहळ खरी आहे, पण मजकूर जागोजागी घसरतो. पुनर्बांधणी कशी व्हावी यावर बोलणारेही त्याचाच हवाला देतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘केशवरावांच्या नावाने बांधलं’

बांधकाम 1913 ते 1915 या काळातलं. नाव होतं पॅलेस थिएटर. तेव्हा केशवराव पंचविशीत होते आणि 1908 साली हुबळीला काढलेली आपली ‘ललितकलादर्श’ मंडळी चालवत होते. 4 ऑक्टोबर 1921 रोजी ते गेले, आणि पुढच्याच मे महिन्यात महाराजही. केशवरावांचं नाव नाट्यगृहाला मिळालं 1957 साली.

‘रोमसारखं थिएटर’

1902 च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं, हे बरोबर. पण ते होतं कसं? मधे रिंगण आणि चहूकडे चढत जाणारी बैठक. हे वर्णन नाट्यगृहाला नाही, त्याच्या पाठीशी असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाला लागू पडतं. ते मैदान 1912 चं. नाट्यगृहाची जातकुळीच निराळी: दर्शनी चौकट, पडदा, विंगा, आणि प्रेक्षक एकाच बाजूला. ही रचना मुंबईत 1846 च्या ग्रँट रोड थिएटरपासून रुळली आणि पारशी व मराठी नाटक मंडळ्यांनी आपलीशी केली. एकाच राजाने शेजारी शेजारी दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची प्रेक्षागृहं उभी केली, ही गोष्ट रोमच्या नकलेपेक्षा कितीतरी मोठी आहे, पण मजकुराला तिचं काही नाही.

‘संयुक्त मानापमान इथेच झालं’

नाही. तो प्रयोग 8 जुलै 1921 रोजी मुंबईत, बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी.

‘रंगमंचाखालच्या विहिरीमुळे माईक लागत नसे’

हा मुद्दा सर्वांत लाडका, आणि नुकसान करू शकेल असाही हाच. विहीर होती असं धरून चालू. नटाचा आवाज तोंडातून पुढे जातो. फळ्यांखाली उतरतो तो अगदी थोडा. तिथे पाणी असलं तरी हवेतून पाण्यावर पडलेल्या ध्वनीची 99.9 टक्के ऊर्जा परत फिरते. म्हणजे पाणी आवाज शोषत नाही आणि प्रेक्षकांकडे ढकलतही नाही. फळ्यांखालच्या पोकळीने पावलांचा ठोका घुमतो आणि खालचे स्वर थोडे शोषले जातात, इतकंच.

मग आवाज पोचतो कशाने? आधी अंतर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने (आवाजाची पातळी मोजण्याचं एकक) उतरतो. एका मीटरवर 75 डेसिबलने बोलणाऱ्या नटाचा थेट आवाज 20 मीटरवर 49 च्या आसपास राहतो. शब्द नीट कळायला तो भोवतालच्या आवाजाहून निदान 15 डेसिबल वर हवा. सभागृह 30 डेसिबलला शांत असेल तर निभतं. वातानुकूलनाची घरघर 42 वर गेली की नट कितीही तयारीचा असो, मागच्या रांगांतून ‘आवाज’ अशी आरोळी येणारच. जुन्या नाट्यगृहात माईक लागत नसे त्याचं एक कारण गावाची आणि यंत्रांची शांतता, दुसरं म्हणजे नाट्यसंगीतासाठी कमावलेला फेकीचा गळा.

दुसरी गोष्ट परावर्तन. छत आणि बाजूच्या भिंतींवरून परतलेला आवाज थेट आवाजानंतर 50 मिलिसेकंदांच्या आत कानावर आला तर तो शब्दाला बळ देतो. उशिरा आला तर शब्द फाटतो. हिशेबात 50 मिलिसेकंद म्हणजे 17 मीटर जादा वाट. रंगमंचाजवळचं छत फार उंच नेलं, किंवा मागची भिंत गुळगुळीत आणि वक्र ठेवली, की पुढच्या रांगांना मागून पडसाद येतो.

तिसरी गोष्ट घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो किती वेळ घुमत राहतो. तो प्रेक्षागृहाचं घनफळ आणि एकूण शोषण यांच्या गुणोत्तरावर ठरतो: 0.161 गुणिले घनमीटर, भागिले शोषक चौरस मीटर. उदाहरणार्थ 3,500 घनमीटर, 700 प्रेक्षक. शोषण माणशी 0.45 चौरस मीटर धरून 315, भिंती, छत आणि पडदे मिळून 150, म्हणजे घुमारा 1.2 सेकंद. संगीत नाटकाला उत्तम, गद्याला किंचित जास्त. तेच प्रेक्षागृह रिकामं आणि खुर्च्या लाकडी असतील तर घुमारा 3 सेकंदांपर्यंत जातो. म्हणून रिकाम्या नाट्यगृहात टाळी वाजवून निकाल देणारे पाहुणे नेहमी फसतात. गादीच्या खुर्च्या रिकाम्या असतानाही जवळजवळ माणसाइतकं शोषतात, त्यामुळे तालीम आणि प्रयोग यांत फार फरक पडत नाही. उलट भिंतभर फोम आणि जाड गालिचा घातला तर वरचे स्वर मरतात, खालचे तसेच राहतात आणि गाणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं.

विहिरीवर विश्वास ठेवणारा विहीर वाचवेल आणि छताची उंची कंत्राटदारावर सोडेल. कोल्हापूरचा पाऊस आणखी वेगळा: पत्र्याचं छप्पर केलं तर खाली खनिज लोकरीचा थर आणि जिप्समचे दोन वजनदार थर घातल्याशिवाय जुलैत प्रयोग ऐकू येणार नाही.

‘1915 सालचं सगळं जळालं’

आगीत छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती आणि दर्शनी भाग उभा राहिला. जळालेल्यांपैकी सगळंच 1915 चं नव्हतं. आत नूतनीकरणं झाली होती. रंगमंचाची उंच पोकळी आगीत धुराड्याचं काम करते: लाकूड आणि पडदे पेटले की ज्वाळा सरळ छपराला भिडतात. म्हणूनच रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये खाली सोडता येणारा अग्निरोधक पडदा, आणि रंगमंचावर धूर बाहेर सोडणारे आपोआप उघडणारे झरोके लागतात.

भिंती उभ्या आहेत म्हणजे धडधाकट आहेत, असंही नाही. तापलेल्या दगडावर बंबाचं पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात. चुना 800 अंशांच्या पुढे भाजून भुसभुशीत होतो. लोखंडी तुळई 550 ते 600 अंशांना निम्मी ताकद गमावते, आणि फुगताना भिंतीला बाहेर ढकलते. छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) गेल्या की भिंतीचा माथा सुटा पडतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी धिरे (टेकू), माथ्यावर पावसाचं आच्छादन, मग ओळंब्याने कल मोजणं, हातोडीने ठोकून पोकळ जागा खडूने आखणं आणि निवडक ठिकाणचे नमुने कापून तपासणं. सुटलेल्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भराव्यात. सिमेंट घातलं तर ते दगडापेक्षा ओल जास्त कोंडतं आणि दोन-चार पावसाळ्यांत सांध्यालगतचा दगडच झडू लागतो. प्रत्येक दगडाला जागेवरच क्रमांक देऊन फोटो काढावेत, म्हणजे काढावा लागला तरी तो आपल्या जागी परत बसवता येतो.