पाण्याकडे काय मागायचं?

सप्रेम जय ख्रिस्त.

सोसणं हाही बाप्तिस्माच, असं मी लिहिलं होतं; बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी. त्यावर, ‘बाप्तिस्मा म्हणजे नवा जन्म, आनंदाचा सोहळा. त्यात दुःख कुठून घुसडलंत? पिचलेल्यांना आणखी सोसा म्हणायची ही सोय आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. शेवटचं वाक्य बोचलं, त्यावर येतोच. आधीचं मात्र पटलं नाही.

याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या राज्यात उजवी-डावीकडची जागा मागायला येतात, तेव्हा येशू विचारतो: माझा प्याला तुम्हाला पिववेल का, माझा बाप्तिस्मा तुम्हाला घेववेल का (मार्क 10:38)? यार्देन नदीतला त्याचा बाप्तिस्मा तर कधीच उरकलेला. लूक 12:50 मध्येही तो अजून व्हायच्या बाप्तिस्म्याबद्दल बोलतो, आणि तो होईपर्यंत जिवाची घालमेल चाललीय म्हणतो. हा कुठला सोहळा? ते त्याच्या पुढच्या दुःखाचं, मरणाचं बोलणं.

‘बाप्तिझो’ हे विधीचं नाव होण्याआधी ग्रीकमधलं बुडण्या-बुडवण्याचं साधं क्रियापद होतं. जहाजं बुडायची ती यानंच. ग्रीक लेखक प्लूटार्क रोमन सम्राट ओथोला कर्जात बुडालेला म्हणतो, तिथेही हेच. आपल्याकडे कर्जदाराच्या नाकातोंडात पाणी जातं, तसंच. आणि बायबलमधल्या 69व्या स्तोत्रातला माणूस पाणी गळ्याशी आलंय म्हणून देवाला हाका मारतो, तो तर येशूच्याही कितीतरी आधीचा.

203 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या आखाड्यात, ख्रिस्ती म्हणून पकडलेल्या सातुरसला बिबट्यानं धरलं. एकाच चाव्यात तो रक्तानं न्हाला. प्रेक्षक ओरडले, ‘छान आंघोळ झाली!’ स्नानगृहातलं ते रोजचं बोलणं. त्यांनी थट्टा केली. लिहून ठेवणाऱ्या ख्रिस्ती माणसाला त्यात दुसऱ्या बाप्तिस्म्याची साक्ष ऐकू आली. सोबतची पर्पेतुआ बावीसेक वर्षांची, अंगावर पिणारं मूल असलेली. अटकेतच तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पाण्याकडे तिनं देहाला सोसायचं बळ मागितलं. बाकी काही नाही.

आता तुमचं बोचरं वाक्य. ‘प्रत्येक दुखणं हा बाप्तिस्माच’ असं मी लिहिलं होतं, ते खोडलंय. कुष्ठरोगी समोर आला तर येशू त्याला बरं करतो, हा तुझा बाप्तिस्मा समज असं म्हणत नाही. प्याल्याचा प्रश्न त्यानं मानाची जागा मागणाऱ्यांना विचारला होता. (त्यातल्या याकोबाला पुढे हेरोद राजानं तलवारीनं मारलं.) आमच्या नात्यातल्या एकीला, नवऱ्याच्या मारानं ओठ सुजलेला असताना, ‘प्रभूनंही सोसलं, तूही सोस’ म्हणून सांगितलेलं मी ऐकलंय. तिनंच केलेला चहा पीत मी तिथे बसलो होतो. काही बोललो नाही.