राजुऱ्याची पोरगी परराज्यातली कशी?

आज दुपारी पुतणीचा मेडिकलचा फॉर्म भरायला नेट कॅफेत गेलो होतो. नाव, जात, उत्पन्न सगळं झालं. दहावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण? तिनं खरं ते सांगितलं, नाही. कॅफेतल्या पोराचा हात माऊसवरच थांबला. "काका, मग स्टेट कोट्यात, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या जागांत, नाही बसत ही."

तिच्या मांडीवर फाइल होती. अधिवासाचा दाखला सगळ्यात वर.

२०२२ च्या पुरात भावाचं कापूस-सोयाबीन खरडून गेलं. तो तेलंगणातल्या आदिलाबादला जिनिंगमध्ये हमालीला गेला, लेकराबाळांसह. नववी-दहावी तिथं झाली, तीही मराठी शाळेत. अकरावी-बारावी परत इथंच. दोन वर्षं, बस्स. तेवढ्यात ती परकी झाली? मागच्या वर्षीच्या कट-ऑफनं तिला चंद्रपूरचं सरकारी मेडिकल लागत होतं, घरून बसनं तासाभराचं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींची शिक्षण फी सरकार पूर्ण भरते. म्हणजे फुकट शिकली असती. आता सरकारी कॉलेजांतल्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागांत झगडा, नाहीतर खासगीचे लाखो रुपये. कुठून आणायचे? तेलंगणात जावं तर तिथं नववी ते बारावी सलग चार वर्षं पाहिजेत. तिकडचीही नाही, इकडचीही नाही.

दहावीचा हा नियम नसेल तर पैसेवाले भाड्याचं घर दाखवून आपल्या जागा खातील, हे मान्य. पण तिच्या बापाचा सातबारा राजुऱ्याचा आहे, तो कोणी भाड्यानं आणला नाही! बदली झालेल्या केंद्र सरकारी नोकराच्या लेकराला यात सवलत मिळते. माझ्या भावाची बदली पुरानं केली, तिचा आदेश कुठून आणू?

आणि कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी आपण जागा ठेवतो. ठेवल्याच पाहिजेत, ती आपलीच आहेत. मग आदिलाबादला मराठी शाळेत शिकलेली आपली नाही का? अरे, आमचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आजोबांच्या कोर्टाच्या तारखा तिथंच पडायच्या. तिकडे जिवतीत तर अशी गावं आहेत जिथं दोन्ही राज्यांच्या शाळा भरतात. लेकरू जवळच्या शाळेत जाईल की आधी नकाशा पाहील?

राग त्या कॅफेतल्या पोरावर काढला मी. त्याची काय चूक, उद्या जाऊन बोलतो त्याच्याशी.

निघताना तिनं दहावीची मार्कशीट काढली, बोट ठेवून दाखवलं. "काका, पहिली भाषा मराठीच लिहिली आहे न माही. हे दाखवा न त्यायले." मला काही बोलता आलं नाही. येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती.

भावाला अजून सांगितलं नाही, तो फवारणीवर आहे.

सोमवारी निवेदन घेऊन आमदारांकडे जातोय. राजुरा, जिवती, कोरपना, पांढरकवडा, झरी, कुठल्याही सीमेवरच्या गावात असं लेकरू अडकलं असेल तर मला फोन करा. पालकांची सही आणि दहावीच्या मार्कशीटची झेरॉक्स लागेल.