मॅनेजर पाहिजेत, स्वतःची गाडी असलेले

फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पलीकडून एक मॅडम इतक्या आनंदात म्हणाल्या "काँग्रॅच्युलेशन्स सर, तुमचा सीव्ही शॉर्टलिस्ट झालाय" की माझ्या हातचा पाइप सुटला आणि अर्धी गॅलरी धुऊन निघाली. सीव्ही कधी आणि कुठे पाठवला होता ते मला काही आठवेना, पण बीकॉम होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाने असले प्रश्न विचारायचे नसतात. तरी विचारलं, पोस्ट कोणती? "मॅनेजमेंट ट्रेनी." काम काय राहील? "क्लायंट इंटरॅक्शन." म्हणजे नेमकं काय? "ते सर समजावून सांगतील, फॉर्मल्समध्ये या, पगार १८ ते २५ हजार." आईने विचारलं, काय काम आहे रे. मी म्हटलं, क्लायंट इंटरॅक्शन. आई म्हणाली, "चांगलं आहे बाप्पा, बसून असेल ना?"

त्या उन्हाळ्यातला हा माझा पाचवा इंटरव्ह्यू. पाचही ठिकाणी सेल्स हा शब्द कोणी तोंडातून काढला नाही, जसा स्थळ दाखवताना मुलाच्या दारूचा विषय शेवटपर्यंत कोणी काढत नाही तसा. एकीकडे ब्रँड प्रमोशन, एकीकडे कस्टमर अवेअरनेस, आणि एका ठिकाणी तर होम सोल्यूशन कन्सल्टंट, तेव्हा बाबांना वाटलं मी वास्तुशास्त्रात चाललो. बाबा वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून रिटायर झाले, त्यांच्या हिशोबाने जगात दोनच नोकऱ्या आहेत, एक वेकोलिची आणि दुसरी टाइमपास.

ऑफिस नागपुरातल्या बर्डीवर, एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर "बंद आहे" अशी पाटी, आणि पाटीलाच गंज चढलेला म्हणजे लिफ्ट कधीची बंद असेल ते तुम्हीच बघा. खाली तर्री पोह्यांचा ठेला दिसला, मला वाटलं उपाशीपोटी इंटरव्ह्यू नको, आणि पहिल्याच घासाला तर्रीचा एक लालभडक थेंब पांढऱ्या शर्टाच्या खिशावर. ज्याने नागपुरात पांढरा शर्ट घालून तर्री खाल्ली त्याच्याबद्दल कोणी सहानुभूती दाखवू नये. पुढचे दोन दिवस मी फाइल छातीशी धरून वावरलो, एका माणसाने तर विचारलं भाऊ पेसमेकर बसवला का.

वर तीसेक पोट्टे बसलेले, सगळ्यांचे शर्ट आकाशी नाहीतर पांढरे, निम्म्यांचे बूट मोठ्या भावाचे. आतल्या खोलीतून जोरजोरात गाणी, टाळ्या, आणि मधूनच "कोण जिंकणार? आपण जिंकणार!" असा ओरडा. माझ्या शेजारी मोर्शीचा एक पोट्टा बसला होता, पहाटेच्या गाडीने आला होता, तो हळूच म्हणाला, "काहून बे, आत वाढदिवस चालू आहे का?" मी म्हटलं मीटिंग असेल. तो म्हणाला, "माह्या गावात एवढ्या टाळ्या फक्त बैल पोळ्याले वाजते." आमची तिथेच दोस्ती झाली.

आता माझी तयारी म्हणाल तर जबरदस्त होती. हा पेन मला विकून दाखवा असं विचारतात म्हणे, म्हणून मी तीन दिवस आरशासमोर पेन विकत होतो, एकदा तर आरशाने घेतलाच असता. पण सरांनी पेन काढलाच नाही. सर माझ्याच वयाचे, टाय लावलेले, टेबलावर नेमप्लेट आणि नेमप्लेटवर मॅनेजिंग डायरेक्टर. पहिला प्रश्न, गाडी आहे का? आहे. दुसरा, लायसन्स? आहे. तिसरा, उद्या येऊ शकता का? हे तीन प्रश्न झाल्यावर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की इंटरव्ह्यू संपलाय, पण एवढ्या लवकर सोडणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी विचारलं पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. मी म्हटलं मानेवाड्यातच, आमचं स्वतःचं घर आहे.

सर उठले आणि त्यांनी बोर्डावर एक गोल काढला, त्यात लिहिलं तुम्ही. खाली पाच गोल, त्या प्रत्येकाखाली आणखी पाच. म्हणाले, "हे पाच तुमची टीम. अकरा महिन्यांत तुम्ही मॅनेजर, तुमचं स्वतःचं ऑफिस. मग ते पाच मॅनेजर. मग त्यांचे पाच." बीकॉम एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामी आलं. मी तिथेच बसून मनात गुणाकार करत गेलो, दर अकरा महिन्यांनी पाचपट, तर नवव्या पायरीला सगळे मिळून २४ लाख ४१ हजार होतात. आणि २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार. म्हणजे सव्वाआठ वर्षांत पाळण्यातल्या पोरासकट अख्खं नागपूर मॅनेजर, वरचे छत्तीसेक हजार कामठीहून आणावे लागतील, आणि दार वाजवलं तर उघडायला कोणी नाही, कारण जो तो दुसऱ्याचं दार वाजवायला गेलेला. हे मी सरांना बोललो नाही. सिलेक्शन झालं होतं ना माझं. मोर्शीवाल्याचं पण झालं. तीसच्या तीस जणांचं झालं.

दुसऱ्या दिवशी फील्ड ऑब्झर्व्हेशन. म्हणजे अख्खा दिवस ट्रेनरसोबत फिरायचं, फक्त बघायचं, आणि बघायचे पैसे मिळत नाहीत. माझा ट्रेनर काटोलचा, बावीस वर्षांचा, पण त्याला ट्रेनर सर म्हणायचं. त्याने माझ्या गळ्यात एक ओळखपत्र घातलं, त्यावर भरघोस मिशीवाला एक इसम. मी म्हटलं सर हा मी नाही. तो म्हणाला, "कोणी पाहत नाही. तो सोडून गेला, चांगला होता बिचारा." बर्डीहून मेट्रोने सुभाष नगरला निघालो. गाडीची चौकशी काल एवढी केली आणि आज मेट्रो काहून, तर ट्रेनर सर डोळे मिटून म्हणाले, "दिवसभरात एसी इथेच मिळते, बोलू नको." स्टेशन आलं तरी त्यांचा डोळा उघडत नव्हता, मीच हलवलं.

मे महिना होता हे सांगायचं राहिलं. नागपूरचा रेकॉर्ड ४७.९ डिग्रीचा, मे २०१३ मधला. मे २०२४ मध्ये तर इथल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडला होता. त्या दुपारी मी पूर्णपणे सेन्सरच्या बाजूने होतो. तोंडाला दुपट्टा बांधावा तर दोन अनोळखी माणसं तोंड बांधून बॅग घेऊन दारात उभी, कोण उघडेल? म्हणून दुपट्टा बंद. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला होता आईने, तो तर्रीच्या डागाच्या बरोबर मागे.

आमचा माल म्हणजे पाणी शुद्ध करायची आरओ मशीन. ट्रेनर सरांचं गणित असं की शंभर दारं वाजवा, दहा उघडतील, एक घेईल. हे गणित ज्याने बसवलं त्याच्या गावी बहुतेक कूलर नसावेत. नागपुरात दुपारी बारा ते पाच आख्खी कॉलनी खिडकीला लोखंडी कूलर लावून झोपलेली असते आणि त्या कूलरच्या घरघरीत बेलच काय, ट्रक घरात शिरला तरी कळत नाही. आम्ही एकेका दारावर चार चार मिनिटं उभे, आतून गार हवा आणि खसचा वास दाराच्या फटीतून येऊन राहिला, आणि खरं सांगू, काही दारांवर आम्ही बेल न वाजवताच त्या फटीपाशी उभे होतो. दोन गेटवर "सेल्समनला सक्त मनाई" अशी पाटी होती. ट्रेनर सर म्हणाले, आपण कुठे सेल्समन आहोत, आपण मॅनेजमेंट ट्रेनी. कोणी दार उघडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "नमस्कार काकू, पाणी चेक करायला आलो." कोणाकडून आलो ते सांगायचं नाही, काकूंना महानगरपालिका वाटली तर तो त्यांचा समज. आणि एक नियम त्यांनी मला तीनदा पाठ करून दिला, कस्टमर जे देईल ते घ्यायचं, चहा दिला चहा, पाणी दिलं पाणी, नाही म्हणायचं नाही, एकदा घेतलं की समोरच्याला पण नाही म्हणायला जड जातं.

(घरी आल्यावर मोबाइलवर वाचलं की थेट विक्रीचे सरकारी नियम आहेत, २०२१ चे, आणि त्यात लिहिलंय की ओळखपत्र नसताना आणि आधी वेळ घेतल्याशिवाय विक्रेत्याने कोणाच्या घरी जायचं नाही. ओळखपत्र होतं आमच्याकडे. मिशीवाल्याचं.)

साडेतीनच्या सुमारास एक दार उघडलं. बनियनवर एक काका, चष्मा कपाळावर, मागे भिंतीवर शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो. "या, या, आत या, उन्हात कायले उभे?" ट्रेनर सरांच्या चेहऱ्यावर अशी चमक आली की शंभरातला एक तो हाच. काकूंनी माठातलं वाळ्याचं पाणी दिलं, मी तीन ग्लास प्यालो, नियमच होता. मग सरांनी डेमो मांडला. एक ग्लास नळाच्या पाण्याचा, एक आमच्या बाटलीतल्या आरओच्या पाण्याचा, दोन्हीत कांड्या सोडल्या, प्लग लावला. मिनिटभरात नळाचं पाणी भुरकट, मग तपकिरी, वर शेवाळासारखा घाण फेस. आरओचं पाणी जसंच्या तसं. "बघा काका, हे तुम्ही रोज पिऊन राहिले." मला खरंच मळमळलं, कारण वाळ्याचे तीन ग्लास त्याच नळाचे होते.

काका शांत होते. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आत ओरडले, "अगं, मिठाचा डबा आण." मग आमच्याकडे वळून, "तुमच्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकतो, चालेल ना? मीठ तर खातोच आपण." ट्रेनर सरांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण कस्टमरला नाही म्हणायचं नाही. मीठ पडलं, प्लग लागला, आणि आमचं आरओचं पाणी नळापेक्षा जास्त काळं. काका तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ह्या कांड्यांपैकी एक लोखंडाची आहे, करंट गेला की तिचंच लोखंड विरघळतं आणि जो चोथा दिसतो तो तिचा गंज आहे, पाण्यातली घाण नाही. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत तर करंट जाईल कसा, म्हणून ते साफ दिसतं. मग त्यांनी पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा आमचाच टीडीएस मीटर आमच्याच हाताने नळाच्या पाण्यात बुडवायला लावला, आकडा दोनशेच्या आत. "पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्याप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पेंचचं पाणी आहे लेका. कोणत्या वर्गात नापास झाला होता?" ट्रेनर सर म्हणाले, नाही सर, आर्ट्स.

ह्या करंटच्या खेळाला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात, काकांनी दोघांनाही त्याची व्याख्या लिहून दिली. पास झालो की नाही ते माहीत नाही, पण दिवसभरात कोणी काही समजावून सांगितलं असेल तर ते तेवढंच.

संध्याकाळी सात वाजता ऑफिसात परत टाळ्या, परत कोण जिंकणार, आणि मग पगाराचं कळलं. १८ ते २५ हजार हे मशीन विकल्यावरचं कमिशन होतं, एकही नाही विकली तर शून्य. शिवाय किटचे १,५०० आधी भरायचे, रिफंडेबल. रिफंड कधी मिळेल विचारलं तर म्हणाले, मॅनेजर झाल्यावर. मी म्हटलं घरी विचारून सांगतो. मोर्शीवाल्याने मात्र तिथेच भरले. खाली येताना जिन्यात म्हणाला, "घरी कोणत्या तोंडानं जाऊ बे? सगळ्याइले सांगून आलो का नोकरी लागली."

दहाएक दिवसांनी, दुपारी अडीच वाजता, आमच्या दाराची बेल. कूलरचा टब भरायला मी तो बंद केला होता म्हणून ऐकू तरी आली. दारात मोर्शीवाला, टाय लावलेला, कानापर्यंत भाजलेला, गळ्यात मिशीवाल्याचं ओळखपत्र. मला बघून तो एक सेकंद दचकला, पण मागून आई आली आणि त्याने सुरू केलं, "नमस्कार काकू, पाणी चेक करायला आलो." आईने त्याला पंख्याखाली बसवलं आणि त्याचा इंटरव्ह्यू घेतला, गाव कोणतं, शिक्षण किती, संत्र्याचा बगीचा किती एकर, बहिणी किती, जेवला का. आमच्या सरांपेक्षा दहा प्रश्न जास्त. तोवर त्याने ग्लास मांडले, कांड्या काढल्या आणि प्लग कुठे लावू म्हणून माझ्याकडे बघितलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर आईने पन्हं करून ठेवलं होतं, बाजूला मिठाचा डबा. डबा उचलला, बाहेर बघितलं, तो शर्टाच्या बाहीने मानेचा घाम पुसत होता. मग मी ते मीठ पन्ह्यातच टाकलं, चांगलं चमचाभर, आणि ग्लास नेऊन त्याच्या हातात दिला. मागून आई म्हणाली, "अरे, मीठ मी आधीच टाकलं आहे."

त्याने एका दमात ग्लास रिकामा केला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ग्लास पुढे करून म्हणाला, "मस्त झालं काकू, अजून आहे का?"