सोसायटीचं रंगकाम काढताय? सेफ्टी बेल्ट फोटोपुरता पुरे!

सोसायटीचं रंगकाम निघालंय? अभिनंदन! सभेत कोटेशनं उघडाल तेव्हा 'परांची, लाइफलाइन व सुरक्षा व्यवस्था' अशी एक ओळ दिसेल. आधी तिच्यावर काट मारा. शेड कुठली, टेक्स्चर कुठलं, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी किती वर्षांची, यावर तीन तास भांडायचं असतं. या ओळीला तीस सेकंद पुष्कळ झाले. आमच्याकडे परवा हेच झालं. खजिनदारांनी "निगोशिएट करून एवढी रक्कम वाचवली" असं जाहीर केलं, टाळ्या पडल्या. मी हात वर करून "म्हणजे नेमकं कमी काय केलं?" असं विचारलं, तर मागून आवाज आला, "काका, चहा गार होतोय." वाचलेल्या पैशांतून गेटला ग्रॅनाइट बसतंय. तुम्हीही बसवा. शोभतं.

तर नव्या कमिट्यांच्या मार्गदर्शनासाठी थोडं.

रेट सगळ्यात कमी असेल तो कंत्राटदार घ्या. कमी कसा, ते विचारू नका.

करारात 'कामगारांच्या सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी कंत्राटदाराची राहील' हे वाक्य घाला. हे ताईतासारखं काम करतं. कंत्राटदार तेच वाक्य पेटी कंत्राटदाराच्या गळ्यात बांधतो, तो मुकादमाच्या, आणि मुकादम तोंडी सांगतो पोराला, "संभाल के." अशी ती जबाबदारी खाली उतरत उतरत एकदाची तिसऱ्या मजल्यावर पोचते. तिथे तिच्या एका हातात पुट्टीचा पत्रा असतो आणि दुसऱ्यात बांबू.

परांचीवर फळ्या नकोत. दोन आडवे बांबू पुरतात, माणसाला पाय तरी दोनच असतात.

हिरवी जाळी मात्र नक्की लावा. ती धूळ आणि रंगाचे शिंतोडे अडवते. माणूस अडवत नाही. माणूस झेलणारी जाळी वेगळी, जाड दोराची असते, पण तिची गरज नाही. गाडीच्या बॉनेटवर पांढरा ठिपका पडला तर सभासद रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर पेटतात. पेंटर पडला तर ग्रुपवर नमस्काराचे हात येतात आणि विषय मिटतो.

पाऊस आला तरी काम थांबवू नका, दिवाळीच्या आत संपवायचंय.

आता बेल्ट. बेल्ट हवाच हवा. नारिंगी असावा, फोटोत उठून दिसतो. पहिल्या दिवशी चार पोरांना ओळीने उभं करायचं, 'सेफ्टी फर्स्ट' लिहून फोटो ग्रुपवर टाकायचा. बेल्टाचं काम इथे संपतं. पुढे तो कुठे अडकवलाय हे बघू नका. मी बघितलं, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक पोरगा परांचीवर उभा होता, ग्रिलमधून त्याला चहा दिला. कमरेला बेल्ट, बेल्टाला दोरी, आणि दोरीचा हुक परत त्याच्याच बेल्टात! स्वतःला स्वतःलाच बांधून घेतलं होतं त्याने. म्हटलं, "भैया, हुक?" म्हणाला, "लटकता है अंकल, पैर में आता है." "तो ऊपर लगाओ ना." तो हसला. "ऊपर है ही क्या?"

बरोबर होतं त्याचं. डोक्यावर काय होतं? काथ्याने बांधलेला बांबू. पायाखाली होता तसाच, त्याच परांचीचा.

अहो, बेल्ट कुणाला धरून ठेवत नाही. तो ज्याला अडकवलाय ते धरून ठेवतं! अमेरिकेच्या नियमात एका माणसामागे तो आधार ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त भार पेलेल असा लागतो. आमच्या गच्चीवर काय आहे? डिश अँटेनाचा दांडा, सोलर हीटरचा गंजका स्टँड आणि टाकीचा प्लास्टिकचा पाइप. मागच्या बाजूला झुल्यावर बसून काम चाललंय, तिथे बेल्टाचा हुक झुल्याच्याच दोराला. म्हणजे दोर तुटला तर माणूस, झुला, डबा आणि बेल्ट असा सगळा संसार एकत्र खाली. लाइफलाइनचा, म्हणजे बेल्ट अडकवायचा, दोर वेगळा लागतो, वेगळ्या ठिकाणी बांधलेला. कठड्याच्या धारेवर दोर घासून कातरला जातो, म्हणून खाली जाड काहीतरी घालतात. निदान पोतं. आमच्याकडे ते एक पोतंसुद्धा नाही, ग्रॅनाइट आहे.

आणि बेल्ट तरी कसला? कमरेचा पट्टा. पडणाऱ्याला थोपवण्यासाठी असा पट्टा वापरायला अमेरिकेत बांधकामावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, कारण सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसतो. खांद्यांवरून आणि मांड्यांमधून जाणारा, पाठीवर कडी असलेला हार्नेस हवा. तो आणला तरी १.८ मीटरची दोरी पायाजवळ अडकवून पहिल्या मजल्यावर उभं राहायचं नाही. दोरीची लांबी, तिचा ताण आणि माणसाची उंची धरली तर दोरी थोपवायच्या आत जमीन थोपवते. हवेत हात मारायलाही वेळ नसतो. १.८ मीटर पडायला जेमतेम ०.६ सेकंद लागतात.

समजा, सगळं टिकलं आणि तो लटकला. पट्ट्यांत नुसतं लोंबकळत राहिलं की रक्त पायांत साठतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला उतरवणार कोण? गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी ऑफिसात!

यावर कमिटीचं ठरलेलं उत्तर, "ही माणसं ऐकतच नाहीत हो." का ऐकतील? पैसे स्क्वेअर फुटावर. दर दोन हातांवर हुक काढायचा, सरकवायचा, परत लावायचा, तर संध्याकाळी भिंत कमी रंगते आणि हातात पैसे कमी पडतात. म्हणजे सुरक्षेचा खर्च आपण कोटेशनमधून कापला आणि त्याच्या मजुरीतून वळता केला.

कामगार नऊच दाखवा. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, त्यात दुरुस्ती-देखभालीची कामंही धरली होती, पण दहा कामगारांपासून पुढेच. आमचा कंत्राटदार गणितात हुशार आहे.

आणि पडलाच कोणी, तर 'तोल जाऊन पडला' म्हणायचं. बातमीतही तेच छापून येतं. तोल जाणारच हो! दिवसभर वाकून घासायचं, हात वर करून रंगवायचं, वर ऊन. तोल जाणार हे धरूनच कठडा, दोर, जाळी लावायची असते. तोल न जाणारा माणूस मिळत असता तर या कशाचीच गरज नव्हती.

पुरे झालं हे तिरकं बोलणं. कमिटीवाल्यांनो, लाज वाटू द्या जरा. घरी पंखा पुसायला बायको स्टुलावर चढली तर खालून स्टूल धरता ना? मग चौथ्या मजल्यावरचा पोरगा कुणाचाच नाही का? निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. तुमचा ताईत तिथे किती चालतो, ते एखाद्या वकिलाला विचारा. आणि टाळ्या वाजवणाऱ्या सभासदांनो, तुम्हीही सुटलेला नाहीत. ती ओळ कापायला हात तुम्हीच वर केले होते.

विशेष सभा बोलवा. कापलेली रक्कम परत द्या, पण पावतीवर नाही, गच्चीवर लावलेलं सामान बघून. आधार कुठे घ्यायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या, डिशच्या दांड्याला नाही. पोरांना रोजावर घ्या, स्क्वेअर फुटावर नको. आणि हे सगळं होईस्तोवर काम बंद ठेवा. दिवाळीला बिल्डिंग अर्धी जुन्या रंगात राहिली तर राहू दे. पाहुण्यांनी विचारलं तर माझ्याकडे पाठवा, मी सांगतो त्यांना.