टॉरपेनहाऊ हिल: चार वेळा टेकडी, आणि टेकडीचाच पत्ता नाही

ती इंग्लंडच्या 'टॉरपेनहाऊ हिल'ची पोस्ट परत फिरायला लागलीय. म्हणे सॅक्सन आले, टेकडीला टॉर म्हणाले, मग वेल्शवाल्यांनी पेन जोडलं, डॅनिश लोकांनी हाऊ, शेवटी इंग्रजांनी हिल, झालं 'टेकडीटेकडीटेकडी टेकडी'. वाचायला भारी वाटतं, पण यातलं फार काही टिकत नाही.

आधी टेकडीच घ्या. इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात, लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाच्या उत्तरेला टॉरपेनहाऊ नावाचं गाव आहे हे खरं, तिथले लोक त्याला 'ट्रपेना' म्हणतात, पण ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशात 'टॉरपेनहाऊ हिल' असं काही नाहीच. १६८८ मध्ये या भागाचं वर्णन लिहिणाऱ्या थॉमस डेंटनने लिहिलंय की इथला हॉल (मोठा वाडा) आणि चर्च उंच टेकाडावर आहेत. बरं, असतील, पण गाव टेकाडावर असणं वेगळं आणि त्या नावाची टेकडी असणं वेगळं ना! शब्दांच्या गमतींवर लिहिणाऱ्या डॅरिल फ्रान्सिसने २००३ मध्येच ही गोष्ट खोडून काढलीय, तरी फॉरवर्ड चालूच.

क्रम तर साफ उलटा आहे. पेन हा ब्रिटॉनिक शब्द, वेल्श ज्या भाषेतून आली तिच्यातला, आणि ती बोलणारे लोक सॅक्सन वगैरे यायच्या कितीतरी आधीपासून तिथे होते, मग ते मागाहून येऊन शब्द जोडणार कसे?

आता अर्थ, खरी गडबड इथे आहे. टॉर म्हणजे खडकाळ सुळका, पेन म्हणजे डोकं, माथा. कंब्रियातल्या बऱ्याच नावांमधला हाऊ नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या 'हाउग्र'वरून येतो, म्हणजे टेकाड, म्हणून पोस्टवाल्यांनी तोच उचलला, पण या नावातला हाऊ जुन्या इंग्रजीतल्या 'होह'वरून आलाय, म्हणजे टाच, आणि त्यावरून डोंगराची पुढे आलेली सोंड. थोडक्यात, खडकाळ माथ्याच्या डोंगराची सोंड. सुळका, माथा आणि सोंड एकच असं आपल्या ट्रेकर मंडळींना सांगून बघा, काय ऐकवतात ते.

'पण अशी नावं असतात की!' असतात ना. आपण नाही का सह्याद्री पर्वत म्हणत, अद्रि म्हणजे पर्वतच. लँकशरच्या पेंडल हिलमध्ये पेन आणि हिल झिजून पेंडल झालं, लोक अर्थ विसरले आणि परत हिल लावलं. वूस्टरशरचा ब्रेडन हिल तर तिहेरी, ब्रिटॉनिक ब्रे, जुन्या इंग्रजीतलं डून आणि वर हिल, तिन्हीचा अर्थ टेकडी. शेअर करायचंच तर हे करा, ब्रेडन निदान नकाशात सापडतो.